परसाचा पालट, भोगीच्या भाजीसाठी

आमच्या घरी हिवाळी भाजीचा हिशोब भोगीपासून उलटा मांडतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या त्या भाजीला गाजर लागतं, वांगं लागतं, पावट्याचे दाणे, ओला हरभरा, मटार, शेंगदाणे आणि वरून तिळाचं कूट. बाजारात सगळं मिळतं, त्या दिवशी जरा चढ्या भावाने, पण मिळतं. तरी सातारा जिल्ह्यातल्या या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, एक शब्द कायम आहे: भोगीची भाजी परसातलीच. भाकरीची बाजरी शेतातली, लोणी घरचं, मग भाजीच तेवढी विकतची कशाला?

तर हिशोब असा. गाजर पेरल्यापासून काढेपर्यंत तीन-सव्वातीन महिने घेतं, म्हणजे बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत पडायला हवं. हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर टोकला की जानेवारीत घाटे भरतात. ‘अर्केल’ जातीचा वाटाणा दोन महिन्यांत शेंगा देतो, त्यामुळे त्याला नोव्हेंबरचा पहिला आठवडाही चालतो. वांग्याची रोपं ऑगस्टअखेर लागलेली असली पाहिजेत. शेंगदाणे पावसाळी भुईमुगाचे, ते वाळून डब्यात बसलेले असतात. आणि पावटा तर जूनपासूनच कुंपणावर आहे.

अडचण येते जागेची. परस आहे दोन गुंठ्यांचं आणि सप्टेंबर सरत आला तरी ते पावसाळी भाजीने गच्च भरलेलं असतं. मांडवावर दोडका आणि कारलं, भेंडी माणसाच्या उंचीची झालेली, चवळी पसरलेली, गवार, पूर्वेच्या कडेला दसऱ्यासाठी लावलेला झेंडू, कोपऱ्यात हळद. यातलं बरंच काही म्हातारं झालेलं असतं, पण एखादं फळ अजून देत असतं. हात लावायला जीव होत नाही आणि न लावून चालत नाही.

बरेच जण या टप्प्यावर एका रविवारी दोन गडी लावून सगळं परस साफ करून घेतात. कडेपर्यंत उपटायचं, खणायचं, खत टाकायचं आणि बियांची पाकिटं फोडायची. मला ही पद्धत पटत नाही, आणि ते निव्वळ मायेपोटी नाही. जाणाऱ्या पिकाजवळ येणाऱ्या पिकाबद्दलची सगळ्यात खरी माहिती असते, ती त्याच्या मुळांवर असते. एका दिवसात सगळं उपटून ढीग केला की कुठलं झाड कुठल्या वाफ्यातलं ते कळत नाही आणि ती माहिती ढिगाबरोबर जाते. म्हणून आम्ही वाफ्यावाफ्याने जातो. उत्तरा नक्षत्र संपताना सुरुवात होते आणि स्वाती लागेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, हे चालतं.

पहिली भेंडी. हळद्या रोगाने तिची पानं शिरांपासून पिवळी पडलेली असतात, शेंगा वाकड्या आणि जून. खरं तर झाड केवळ कोयत्याने छाटून टाकता येतं. पण आत्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, “अगं, मुळं बघ आधी. पानांचं काय, पावसात समदीच हिरवी दिसत्यात.” म्हणून भेंडीचं प्रत्येक झाड आम्ही बुंध्याशी कुदळ घालून, मुळासकट, माती न झटकता उचलतो. मग बादलीतल्या पाण्यात मूळ हलकेच खळबळायचं आणि उजेडात धरायचं.

निरोगी मूळ सरळ, पांढरट, निमुळतं असतं. सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, लागलेलं मूळ जागोजागी सुजलेलं दिसतं. छोटे मणी ओवल्यासारखी सूज, कुठे कुठे दोन-तीन मणी एकमेकांत मिसळून वेडावाकडा गोळा झालेला. ही गाठ नखाने काढायला गेलं तर निघत नाही, कारण ती मुळाला चिकटलेली नसते, मूळच फुगलेलं असतं. आता शेजारच्या वाफ्यातली चवळी उपटली तर तिच्या मुळावरही गाठीच गाठी असतात, आणि नवीन माणूस घाबरतो. पण त्या गाठी वेगळ्या. त्या मुळाच्या कडेला बसलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटून हातात येतात. एक गाठ नखाने चिरली तर आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंचं ते घर आहे, आणि गुलाबी रंग हा त्यांचं काम चालू असल्याची खूण. वेलाचं वय झालं की तीच गाठ आतून तपकिरी होते. दोन्ही मुळं एकदा शेजारी शेजारी धरून बघितली की पुन्हा कधी गल्लत होत नाही.

या दोन मुळांवर माझ्या परसाचा हिवाळा ठरतो. ज्या वाफ्यात भेंडीच्या मुळांना सूज सापडली तिथे गाजर, टोमॅटो, वांगं यातलं काहीच जात नाही, कारण सूत्रकृमींना ही तिन्ही मुळं फार आवडतात. गाजराला तर त्यांचा मार इतका बसतो की ते फाटे फुटून वर येतं. त्या वाफ्यात लसूण आणि कांदा. त्यांच्यावर सूत्रकृमी फारसे पोसत नाहीत. सुजलेली मुळं कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता बांधावर कडक वाळवून जाळतो आणि तो वाफा खणून, ढेकळं उघडी ठेवून, ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा दिवस तापू देतो. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण मातीसाठी ते ऊन हवं असतं.

चवळीचं उलट. ती उपटायचीच नाही. पाहणीसाठी एक-दोन वेल काढायचे आणि बाकीचे जमिनीलगत विळ्याने कापायचे. मुळं गाठींसकट आतच कुजू द्यायची. त्या जागेवर पानांची भूक ज्यांना जास्त, ते येतात: फ्लॉवर, कोबी, पालक. या वाफ्याला शेणखतही हात राखून घातलं तरी पुरतं.

आणि गाजर? गाजर झेंडूच्या मागे. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना न मानवणारी द्रव्यं सुटतात, हे शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे आणि शास्त्रानेही तपासलेलं आहे. शिवाय झेंडूला आम्ही जूनमध्ये खत दिलेलं असतं, ते तोवर मातीत पूर्ण मुरलेलं असतं. गाजराला तेच हवं. ताजं शेणखत, खडा, ढेकूळ यांपैकी काही आडवं आलं की गाजराला पाय फुटतात. म्हणून झेंडूचा वाफा वीतभर खोल खणून, माती हाताने चाळल्यासारखी मोकळी करून, खत न घालता त्यात गाजर.

इथे पंचांगाची एक गंमत आहे आणि परस करणाऱ्याला ती नीट लक्षात ठेवावी लागते. भोगी दरवर्षी जानेवारीच्या त्याच सुमाराला येते, कारण संक्रांत सूर्यावर चालते. दसरा चंद्रावर चालतो, त्यामुळे तो मागेपुढे सरकतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. तेव्हा सगळी फुलं उतरवून, तोरणं बांधून, दुसऱ्याच दिवशी झेंडू काढायला आम्ही मोकळे. २०२३ साली अधिक महिना आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला गेला. तोवर गाजर थांबवलं असतं तर ते भोगीला करंगळीएवढं मिळालं असतं. त्या वर्षी आम्ही झेंडूच्या एकाआड एक ओळी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच काढल्या आणि मधल्या पट्ट्यांत गाजर पेरलं. उरलेल्या ओळींची फुलं तोरणांना, गाडीला आणि देवाला पुरून उरली, आणि कोवळ्या गाजराला दुपारी झेंडूची सावली मिळाली ती वेगळीच.

पावट्याच्या वेलाला मात्र कुणी हात लावायचा नाही. सप्टेंबरमध्ये तो बघून कुणालाही वाटेल की हे फुकटचं ओझं आहे. जूनपासून कुंपणभर नुसता पाला, फूल नाही की शेंग नाही. शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी आत्यांना सरळ सल्ला दिला होता, “काढून टाका की हा, वांझ दिसतोय.” आत्या हसल्या नुसत्या. पावट्याचे गावठी वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. रात्र वाढायला लागली, हवेत गारवा आला की ऑक्टोबरअखेर त्याच वेलातून जांभळट-पांढरे तुरे वर येतात आणि नोव्हेंबरपासून शेंगा सुरू होतात. इतके महिने केलेला पाला तेव्हा कामाला येतो. अशा वाणांचं मोल ज्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे, २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी. त्यांनी जपलेल्या बियांत वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. आमच्याकडे एकच आहे, आत्यांनी माहेरहून पदराच्या गाठीला बांधून आणलेला, पण तो खंडलेला नाही.

बियांचं काम उपटण्याच्या आधी उरकावं लागतं. भेंडीच्या रोग नसलेल्या दोन-तीन झाडांवर शेंगा वाळू दिलेल्या असतात, दोडक्याचं एक फळ वेलावरच ठेवलेलं असतं. हलवून कानाशी धरलं की बी खुळखुळलं पाहिजे, तोवर तोडायचं नाही. गवारीच्या शेंगा झाडावर काळपटल्या की काढायच्या. सगळं सावलीत वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून, बरणीत. चिठ्ठी लावल्याशिवाय बरणी फडताळात जात नाही.

दोडक्याचे वेल मी एकदम ओढून काढत नाही. पानांवर भुरी रोगाची पांढरी भुकटी चढलेली असते. ओले वेल ओढले तर तार, बांबू, सुतळी सगळं खेचलं जातं. बुंधा कापून ठेवायचा, आठवड्यात वेल वरच्या वर वाळतात आणि मग हाताने चुरून निघतात. मांडव मात्र दिवाळीपर्यंत उतरवत नाही. कारल्याचा एखादा जोमदार वेल त्यावर ठेवला की खाली विरळ सावली राहते आणि त्या सावलीत फ्लॉवर-कोबीच्या रोपांचा गादीवाफा बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात ही रोपं उघड्यावर तग धरत नाहीत. बी चार-चार बोटांच्या ओळींत, विरळ पेरायचं. दाट झालं आणि वर पाणी जास्त पडलं की रोपं जमिनीलगत पिचतात आणि कोलमडतात. मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेलं खत घातलं की हे बरंच टळतं.

आता पाऊस. २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि हत्तीचा पाऊस सुरू होतो. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला आभाळ भरून येतं आणि तासाभरात वाफे तुंबतात. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आम्ही मुंबईपासून दूर, घाटमाथ्याच्या या अंगाला, पण इथेही पाऊस रेंगाळतो हे आत्या त्याआधीपासून सांगत होत्या. पूर्वी घट बसले की मेथी पेरायची चाल होती. आता घटस्थापनेला आम्ही पेरत नाही, बी तपासतो. घटाभोवतीच्या मातीत धान्य पडतं त्याच दिवशी मी जुन्या बियांपैकी दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवते. माळ चढत जाते तसं रोज फडकं उघडून बघायचं. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड दाखवते. धने सावकाश येतात. कांद्याचं बी वर्षाच्या वरचं असेल तर बहुधा फसवतं, ते दरवर्षी नवं घ्यावं. दहातले सहा-सात उगवले तर पेरताना हात दाट ठेवायचा, निम्म्याच्या खाली गेले तर बी बदलायचं.

पाऊस उघडला तरी लगेच कुदळ मारायची नाही. आमची माती मध्यम काळी, ओली असताना तुडवली की वाळल्यावर विटा होतात आणि मग पूर्ण हिवाळा ढेकळांशी झगडण्यात जातो. वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, यावा लागतो. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून पसरला तर वाफसा आला, चपटा होऊन बसला तर अजून दोन दिवस. वाफसा आला की खणायचं, लव्हाळा या तणाच्या गाठी एकेक करून वेचायच्या. लव्हाळा वरून खुरपला तर आतल्या गाठीतून दुप्पट येतो. केन्याचा तुकडाही ओल्या मातीत राहू द्यायचा नाही, प्रत्येक पेरातून तो मूळ धरतो. एवढं झालं की वाफ्याला हलकं पाणी देऊन पाच-सहा दिवस तसाच सोडायचा. पोटातलं तणाचं बी उगवून वर येतं, ते कोवळं असतानाच खुरप्याने कापायचं आणि मग पेरायचं. हे पाच-सहा दिवस देणाऱ्याला पुढे मेथीतून गवत निवडत बसावं लागत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलंच. हातात घेतलं तर शेणाचा वास न येता पावसाळी मातीसारखा वास आला पाहिजे. अर्धकच्चं टाकलं की हुमणीची अळी आलीच, आणि हुमणीने फ्लॉवरची मुळं खाल्ली की उभं रोप दुपारी मान टाकतं.

कुठल्या वाफ्यात काय, हे ठरवताना मुळांनंतर मी सावली बघते. आमचं घर परसाच्या दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावरून, खरं तर थोडा उत्तरेकडूनच जातो, तेव्हा भिंतीलगतचा वाफाही उन्हात असतो. पुढे सूर्य दक्षिणेकडे कलत जातो. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बाराला दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ नऊ फूट पडते. म्हणजे ज्या वाफ्यात जुलैत काकडी लगडली होती, तो वाफा हिवाळ्यात भर दुपारीही सावलीत. ऑक्टोबरमध्ये बघून हे कळत नाही, तेव्हा सावली जेमतेम पाच फुटांची असते. म्हणून भिंतीजवळ कोथिंबीर, पालक आणि पुदिना. ही मंडळी कमी उन्हात पान रुंद करतात आणि लवकर फुलावर जात नाहीत. गाजर, लसूण, कांदा, हरभरा आणि वाटाणा बांधाकडे, उत्तरेच्या अर्ध्यात, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन आहे.

पेरणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पाकिटावर असतं ते बहुतेक बरोबर असतं. जे पाकिटावर नसतं तेवढं सांगते. धने तसेच पेरायचे नाहीत. जमिनीवर पसरून चपलेने हलके रगडून त्यांच्या दोन फोडी करायच्या आणि रात्रभर पाण्यात ठेवायच्या. मेथी सगळी एकाच दिवशी पेरायची नाही, दर आठ-दहा दिवसांनी एक पट्टा, म्हणजे महिन्याभराने पहिली जुडी हाताशी येते आणि पुढे थांबत नाही. पेरल्यावर वर बाभळीच्या काटक्या अंथरायच्या, नाहीतर कोवळे मोड चिमण्या खुडतात. मुळ्याची जात ऋतूप्रमाणे निवडायची. ‘पुसा चेतकी’ उकाडा सोसते, ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालते, ‘पुसा हिमानी’ थंडीची आहे, तिला घाई करायची नाही. उकाड्यात थंडीचा मुळा पेरला की तो तिखट आणि दोरेदार निघतो. गाजराचं बी वाळूत कालवून, बोटाच्या पेराएवढंही खोल न जाऊ देता टाकायचं आणि त्याच ओळीत मधे मधे मुळ्याचे दाणे टोकायचे. गाजर उगवायला दहा-पंधरा दिवस घेतं, मुळा तीन-चार दिवसांत वर येऊन ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि गाजराला जागा हवी होईपर्यंत ताटात गेलेलाही असतो.

लसणाबद्दल आत्यांचं ऐकावं. बाजारातला मोठ्या, पांढऱ्याशुभ्र, चकचकीत पाकळ्यांचा लसूण लावायला घ्यायचा नाही. तो बहुधा थंड मुलखातला असतो. त्याला गड्डा धरायला मोठा दिवस लागतो, आपल्या हिवाळ्यात त्याची नुसती पात होते. गावठी घ्यावा, नाहीतर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची ‘भीमा पर्पल’ किंवा ‘भीमा ओंकार’ जात मिळाली तर ती. गड्डा फोडून बाहेरच्या भरदार पाकळ्या लावायला आणि आतल्या बारीक फोडणीला. टोक वर, बूड खाली, चार बोटांच्या अंतराने. आत्या वाफ्याच्या कडेला पाट टाकून बसतात आणि ओळ न आखता एका रेषेत लावत जातात. माझी ओळ दोरी धरल्याशिवाय सरळ येत नाही, पण पाकळी किती दाबायची हे त्यांच्या हाताकडे बघूनच कळलं. टोक मातीच्या जेमतेम खाली राहिलं पाहिजे. वर उसाचं पाचट पातळ अंथरलं की ओल टिकते. साताऱ्याकडे पाचटाला तोटा नाही.

फ्लॉवर लावताना कडेने मोहरीच्या ओळी हव्यातच. कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, त्याला मोहरी जास्त आवडते, अंडी तिथे घालतो. मोठ्या शेतात कोबीच्या पंचवीस ओळींमागे दोन ओळी मोहरी अशी शिफारस आहे. परसात मी चारी कडांना एक ओळ ठेवते. मावा ही कीड दिसली की पाच टक्के निंबोळी अर्क: एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी फवारायचा. दिवसा फवारला तर उन्हाने त्याचा गुण जातो. फ्लॉवरचा गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं मोडून त्यावर झाकायची, म्हणजे तो पिवळा पडत नाही.

हरभऱ्याला तर काहीच करावं लागत नाही. महिन्याभराने शेंडे खुडायचे, झाड फुटव्यांनी भरतं आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. पहाटेच्या दवात हरभऱ्यात शिरलं तर पानांवरच्या आंबट दवाने, म्हणजे आंबेने, पाय चरचरतात, एवढं मुलांना सांगून ठेवावं. घाटे धरायला लागले की वाफ्यात दोन-चार वाळक्या फांद्या उभ्या रोवते. त्यांवर कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि अळ्या वेचतो.

पाण्याची सवय बदलणं हे माणसालाच अवघड जातं. चार महिने आभाळ पाणी देत असतं, आणि मग एकाएकी ऑक्टोबरमध्ये वाफे दोन दिवसांत भेगाळतात. बी उगवेपर्यंत झारीने रोज, हलक्या हाताने. उगवल्यावर दिवसाआड, थंडी पडली की त्याहून लांबवत. सकाळीच. संध्याकाळी वाफा ओला ठेवला की रात्रीच्या गारव्यात पालकावर ठिपके येतात. भांडी विसळल्याचं पाणी अळवाला आणि केळीला जातं, पालेभाजीला नाही, आत्या ते अजिबात चालू देत नाहीत.

यंदाच्या भोगीला सगळ्यात आधी तयार झाला तो पावटा. गाजरं बोटभर जाडीची, आतून लाल, चावायला गोड. गाजराला रंग आणि गोडी थंडीतच चढते, त्यामुळे डिसेंबरचा कडाका त्यांना मानवला. वाटाण्याच्या दोन तोडण्या आधीच खाऊन झाल्या होत्या, तिसरी भोगीसाठी राखली. हरभरा जरा कोवळा होता, पण सोलून वाटीभर निघाला. भल्या सकाळी आत्यांनी टोपलीत सगळं मांडून बघितलं आणि म्हणाल्या, “तीळ तेवढं इकतचं हायेत. म्होरल्या पावसात बांधाला टाकू.”

कांद्याची रोपं मात्र भोगीच्या धामधुमीच्या आधीच, डिसेंबरअखेर, भेंडीच्या जुन्या वाफ्यातल्या उरलेल्या अर्ध्यात लावून झाली होती. हा साठवणीचा उन्हाळी कांदा, ‘एन-२-४-१’, रोपवाटिकेत सात आठवडे वाढलेला. तो एप्रिलपर्यंत जागा अडवून बसणार, त्यामुळे तिथे उन्हाळी काही धरायचं नाही. लसूण फेब्रुवारीअखेर निघेल. पात पिवळी पडून मान मोडायला लागली की पाणी तोडायचं. त्या जागेवर गवार येईल, आणि काकडी गाजराच्या वाफ्यात. गाजर काढताना त्याचीही मुळं बघून घेतली आहेत. सूज कुठेच नव्हती.